बोगुमिलाच्या नोटा आणि बंदरावरची बस

ग्दान्स्कच्या बाजारात माझ्या फुलांच्या टपरीला लागून बोगुमिलाची खिडकी आहे, परदेशी पैसे बदलून द्यायची. जगभरच्या नोटा हाताळलेली ही बाई स्वतः कधी देशाबाहेर गेली नव्हती. स्वीडनमधल्या भाच्याने तिला आपल्या बाळाच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता व्हायला बोलावलं, तेव्हा ती म्हणाली, "झेनेक, सोबतीला चल." मी लगेच तयार झालो. परक्या मुलखात ही खर्च कसा करते, ते मला बघायचंच होतं.

"एखादं कार्ड तरी काढून घे," मी म्हटलं.

"माझा पैसा मला डोळ्यांनी दिसला पाहिजे. पर्समध्ये कोऱ्या करकरीत स्वीडिश क्रोना आहेत. मी कुणाच्या बापाला भीत नाही!"

बोटीतून उतरून आम्ही बंदरावरच्या बसमध्ये चढलो. तिने ड्रायव्हरपुढे नोट धरली. त्याने ती कौतुकाने पाहिली आणि मान हलवली. बसमध्ये रोकड चालत नव्हती. पुढची बस तासाभराने, तिलाही कार्डच लागणार. आणि धर्ममातेशिवाय बाप्तिस्मा व्हायचा कसा?

मागून हिल्लेवी नावाची एक मुलगी आली आणि आम्हा दोघांसाठी आपलं कार्ड यंत्राला लावून मोकळी झाली. बोगुमिलाने नोट तिच्या हातात कोंबली.

"नको काकू. मी हिचं करू काय? इथे कुणी घेत नाही."

बोगुमिलाचा चेहरा उतरला. पैसे नाकारणारं माणूस तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"मग मी उतरते. फुकटचं मला पचत नाही."

"अगं बये, तिकडे बाळ खोळंबलंय! ताठा घरी ठेव," मी ओरडलो.

ती उतरली नाही, पण बसलीही नाही. सगळ्या जागा रिकाम्या आणि ही दांडा धरून उभी. मला हसू येत होतं आणि तिची कीवही. बऱ्याच वेळाने तिने हिल्लेवीला विचारलं, "दुपारी जेवतेस कुठे?"

बाप्तिस्मा वेळेवर झाला. बाळ रडलं, बोगुमिला त्याहून जास्त. भाच्याच्या घरी तिने हिल्लेवीला शेजारी बसवून घेतलं. सूप झालं, बदक झालं, बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी झाल्या, तरी हिचं वाढणं थांबेना.

"काकू, पुरे!" हिल्लेवीने ताटावर हात आडवा धरला. "तिकिटाचे पैसे केव्हाच फिटले."

"ते सकाळचे," बोगुमिलाने तिचा हात बाजूला सारून केकचा मोठा तुकडा ठेवला. "खा मुकाट्याने. संध्याकाळी आम्हाला परत बंदरावर जायचंय."