यमुनेची पाठ

यमुना गेल्याचा निरोप मला अकोल्याच्या भाजीबाजारात मिळाला. वांग्यांची पोती उतरवत होतो. हिवरखेडचा शेजारी समोर येऊन उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "भाऊ, माल राहू द्या. घरी चला." दोन दिवसांच्या तापानं माझी बायको गेली होती. मौतीला आलेले लोक ओसरीत बोलत होते, "कुबडी माळीण गेली..." सव्वा महिना झाला, ते बोलणं अजून टोचतं. मी तिसरी शिकलेला माणूस, लिहिणं माझं काम नाही. पण ती पाठ कशी वाकली, हे माझ्याशिवाय कोणाला धड ठाऊक नाही.

लग्नाला दहा-बारा वर्षं झाली असताना तिच्या पाठीच्या कण्यात गाठ झाली, पाय लुळे पडले. अमरावतीला विलायतेत शिकून आलेल्या एका डॉक्टरांनी मागची हाडं कापून ती गाठ काढली. पाय परत आले. पण वर्षाच्या आत पाठ पुढे झुकू लागली. डॉक्टरांनी हाडांचा फोटो दाखवला. म्हणाले, "गाठीपर्यंत जायला आधाराची हाडं काढावी लागली. केळीचा टेकू काढला की ती घडाच्या भारानं लवते ना, तसं झालं आहे. आता हिला टांगून, ताण देऊन अंगाला प्लास्टर बांधू. मग नडगीचं हाड काढून पाठीत बसवू. नाही तर पाय पुन्हा जातील." टांगायचं म्हणजे हनुवटीखाली पट्टा, आणि अंग कमरेपर्यंत उघडं. डॉक्टर पुरुष, कंपाउंडर पुरुष. मी म्हटलं, "माह्या बायकोले असं कोणी टांगणार नाही." आणि तिला घरी घेऊन आलो.

चार महिने मी हेका सोडला नाही. एक दिवस ती मळ्यातून टोपलं घेऊन बांधावर आली, तर एका पायात चप्पल नव्हती. मागे चिखलात रुतून राहिली होती, अन् तिला कळलंच नव्हतं... टोपलं खाली ठेवून ती म्हणाली, "पाय पुन्हा जाऊन राहिले. लाज तुमची हाय, पाठ माही हाय. उद्या दमणीले बैल जुंपा, नाही त मी भावाले बोलावतो."

अमरावतीला डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला. "चार महिन्यांपूर्वी पाठ अजून सरळ झाली असती," एवढंच बोलले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "परका माणूस नको ना? दोरी तुम्ही धरा." नर्सबाईंनी चादर आडवी लावली. छताच्या चाकावरून दोरी माझ्या हातात आली. आयुष्यभर मोट हाकलेला मी, पण ही दोरी दोन्ही हातांनी छातीशी धरली. डॉक्टरांनी बजावलं, सैल सोडली तर पाठ पुन्हा झुकेल, जास्त ओढली तर मान जाईल. तिचे चवडे तेवढे जमिनीला लागत होते. जबडा पट्ट्यात, बोलता येत नव्हतं. सोसेना तर बोट वर करायचं ठरलं होतं. प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या अर्ध्यावर आल्या आणि बोट वर झालं. डॉक्टर म्हणाले, "अजून चार वेढे." मी दोरी सोडणार होतो... तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि बोट हळूच मिटून घेतलं.

खाली उतरवल्यावर पहिलं बोलणं काय? "हिरीवर बैल बिथरला तवा बी एवढे भेले नव्हते तुमी."

पुढे नडगीचं हाड पाठीत बसलं. कित्येक महिने ती प्लास्टरमध्ये फळीवर पडून होती. मला म्हणायची, "आता पाठ दुखली की पाय चेपत जा." पाय टिकले, शेवटपर्यंत टिकले. पाठीचा बाक थांबला, पण पुरता गेला नाही, आणि कंबर लवेना. खाली बसून स्वयंपाक होईना, म्हणून मी माती-विटांचा ओटा बांधून त्यावर चूल मांडली. आळीतल्या बाया हसल्या, "उभ्यानं सैपाक करते, मेमसाहेब झाली का वं?" ही म्हणे, "मेमसाहेबाले भाकर थापता येते का?"

ओट्याचं माप मी तिला उभी करून घेतलं होतं, त्या वाकलेल्या पाठीचं. चार महिने आधी गेलो असतो तर ओटा वीतभर उंच बांधावा लागला असता. हे तिला मी कधी बोललो नाही. तिनंही कधी विचारलं नाही.

सुनेची पाठ ताठ. तिला त्या चुलीवर वाकावं लागतं. परवा म्हणाली, "मामाजी, ओटा वीतभर उंच करून देता का?" बरोबरच आहे तिचं. मी माती कालवली, विटा आणून ठेवल्या. दोन दिवस झाले. माती सुकते, मी पुन्हा पाणी घालतो...