चिंगीखालचे पोते

अर्जदार: मी, पौड येथे अर्ज लिहून देणारा. सामनेवाले: थोरले बंधू, राहणार भूगाव. साक्षीदार: आई, सध्या अंथरुणावर.

आज सकाळी आईची ओली गोधडी उचलली आणि त्या उग्र वासाने मला बालपणीच्या ओसरीवर नेले.

आमच्या म्हाताऱ्या मांजरीने, चिंगीने, वडिलांच्या धुतलेल्या धोतरावर लघवी केली होती. वडील पोते घेऊन उभे होते. "उरवड्याच्या पल्याड सोडून येतो. लई झालं हिचं."

आई ओल्या जागेवर चुलीतली राख पसरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "घाण कोन काढतंय? मीच न्हवं? मग तुमी कशानं दमला?"

वडिलांनी पोते खाली टाकले. आईने तेच पोते घडी करून चिंगीखाली अंथरले.

वडिलांची फजिती झाली म्हणून आम्ही दोघे भाऊ तेव्हा हसलो होतो. आता रोज गोधड्या धुताना आईच्या आवाजातला थकवा मला कळतो. ती दमली होती, तरी सोडणार नव्हती.

सबब, आईस वृद्धाश्रमात ठेवण्याची बंधूंची सूचना मला अमान्य आहे. मीही दमलो आहे. त्यांनी रविवारी येऊन एक गोधडी धुवावी, आणि येणार की नाही ते कळवावे, ही विनंती.