लातूरच्या गच्चीवरचा साडेसात फुटी बोर्ड

सर्फबोर्ड घ्यायला गोवा सोडून लातूरला निघालो, तेव्हा मी भांडी घासतो त्या हॉटेलच्या किचनमधली पोरं खदाखदा हसली. हसू द्या. बँकेतल्या एका काकांची बदली गोव्याहून लातूरला झाली आणि त्यांचे दोन जुने बोर्ड विकायला तिथंच पडून होते.

मला घाई होती. रोज सकाळी मी सर्फ शाळेच्या फोम बोर्डवर शिकतो. फुटलेल्या लाटेच्या फेसात उभा राहतो, न फुटलेल्या लाटेवर दहातून चारदाच. शाळेच्या मालकानं सांगितलेलं, "स्वतःच्या बोर्डवर सलग तीन लाटा दाखव, शिकवायला घेतो. नाहीतर भांडी आहेतच."

आधी लोह्याजवळचं आमचं गाव. तिथून चुलते, नाना, सोबत निघाले. गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनी विहिरीत पोहायला शिकवलं. यंदा दुष्काळानं विहिरीचा तळ दिसतोय, म्हणून मोकळेच होते. लाल बस अहमदपूरवरून जाते, तीन तास धरा. पाणी घरून न्या. अहमदपूरच्या स्टँडवर भजी गरम मिळाली. मागच्या सीटवर दोघांचं चाललेलं:

"उदगीर नवा जिल्हा होणार म्हणं."

"होऊ दे की. कलेक्टर टँकर घेऊन येणार हाय का?"

काकांच्या गच्चीवर रिकाम्या टाक्यांना टेकून दोन्ही बोर्ड उभे. काकू म्हणाल्या, "काय बी बघा, फक्त पाण्यात टाकून दाखवा म्हणू नका."

जुना बोर्ड घेणार असाल तर अंगठ्यानं दाबत जा, मऊ लागला तर सोडा. तड्याजवळ तपकिरी डाग म्हणजे पाणी आत शिरलेलं. खालच्या फिन, म्हणजे माशाच्या परासारख्या पट्ट्या, हलवून बघा, डुलायला नकोत. दोन्ही बोर्ड पास झाले.

एक सहा फुटी, पातळ, टोकदार. दुसरा साडेसात फुटी, जाड, रंग उडालेला. मी सहा फुटीवर हात ठेवला. सगळे भारी सर्फर असलाच वापरतात.

नानांनी समुद्र कधी बघितलेला नाही. त्यांनी बोटं लावून दोन्हींची जाडी मोजली. "लाट येती तवा तू उभा असतोस का आडवा?"

"आडवा. हातानं पाणी मारायचं, मग उठायचं."

"मंग आधी तुला आडवं कोण धरतंय ते बघ. तुला डबा सोडायची लई घाई!"

काकांना कळेना. मी सांगितलं, आमच्याकडं विहिरीत पोहायला शिकताना पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधतात. तो कधी सोडायचा, ते शिकवणारा ठरवतो. मी लहानपणी गुपचूप सोडला होता. नानांनी केसाला धरून वर काढलं.

साडेसात फुटी घेतला. गोधडीत गुंडाळून ट्रॅव्हल्सपाशी नेला, तर क्लीनर म्हणाला, "दार घेऊन चाललास का भाऊ?"

"घर बी बांधतो की," नाना म्हणाले, आणि गावाकडची बस धरायला गेले.

तुम्हीही पहिला बोर्ड घेणार असाल तर एवढंच ऐका: पुढं आपण जो होणार, त्याला विचारून घेऊ नका. आज जो बोर्डवर पालथा पडून धापा टाकतोय, त्याला विचारा.

आठवड्यानं गोव्यात मालक वाळूवर येऊन उभा राहिला. पहिल्या लाटेवर उठलो. दुसऱ्या लाटेवर उठलो. तिसरी इतकी बारकी, की सहा फुटी तिच्यावर बुडलाच असता. ह्यानं उचललं. मी काठापर्यंत उभाच आलो. मालकानं शिकवणाऱ्यांचा पिवळा बनियन माझ्याकडं फेकला. ओला होता, तसाच घातला.