शिक्का नसलेल्या फेऱ्या

माझ्या जावयानं कॅनडाच्या सरकारला फसवलं, असं आमच्या नेर गावात सगळे म्हणतात. खोटं आहे ते. फसवायला लावलं मी. आणि नंतर त्या जावयाला तोंडघशी पाडलं, तेही मीच. हे आजवर कुणाजवळ बोललो नाही — बायकोजवळसुद्धा नाही.

तूर-कापसाची खरेदी करणाऱ्या माणसाचा कॅनडाशी काय संबंध, असं वाटेल तुम्हाला. सांगतो. पण आधी राग सांगू द्या, तो अजून गेलेला नाही. तिथलं नागरिकत्व मागायचं तर आधीच्या वर्षांत देशाबाहेर कधी गेलात, किती राहिलात, सगळं लिहून द्यावं लागतं. माणूस तिथे कर भरतो, दारातला बर्फ उपसतो, लेकरू तिथे जन्माला घालतो — आणि हे विचारणार, त्या आठवड्यात कुठे होतास? चोर आहे का तो? असं मी बाजारात वर्षभर ओरडत आलो. इतक्या मोठ्यानं का ओरडतो, हे मात्र कुणी विचारलं नाही.

मुलीच्या, वैशालीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. जावई — निलेश — संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नागरिकत्वाचा अर्ज भरत बसायचा. कंपनी त्याला कामासाठी अमेरिकेत पाठवत असे. सीमा जवळ, म्हणून तो गाडीनंच जायचा आणि कधी कधी दोन-तीन आठवडे तिकडेच राहायचा. त्या फेऱ्या धरल्या तर कॅनडातलं राहणं कमी पडत होतं. आणखी काही महिने थांबायचं, एवढंच. तो थांबायला तयार होता.

मी नव्हतो. मी नेरला सांगून आलो होतो ना — अर्ज टाकूनच परत येतो म्हणून! माझा शब्द बाजारात कधी खाली पडला नाही. हातगाडीपासून इथवर आलोय तो शब्दावर. मग तो एका पोराच्या भित्रेपणासाठी मोडायचा?

मी विचारलं, "जावईबापू, या फेऱ्यांचा पासपोर्टवर शिक्का हाये का?"

"सगळ्यांचा नाही, मामाजी. पण सीमेवर गाडीच्या खिडकीतून पासपोर्ट घेतात, मशीनवर लावतात."

"शिक्का नाही ना? मंग गेलाच नाही तू."

हे माझं तत्त्वज्ञान कुठलं? पांढरकवड्याच्या पुढचं. तरुणपणी मी टेम्पोनं माल आंध्रात न्यायचो. नाका चुकवून शेतातल्या रस्त्यानं गाडी काढायची. पावतीवर शिक्का नाही म्हणजे गाडी गेलीच नाही. आयुष्यभर हे चाललं. म्हणून मला वाटलं, जगातले सगळे नाके सारखेच.

निलेश नाही म्हणत होता. दोन संध्याकाळी नाहीच म्हणत होता. मी भाव पाडावा तसा त्याला पाडत गेलो. शेवटी, वैशाली आत बाळाला घेऊन निजली होती तेव्हा, हळू आवाजात म्हणालो, "पोरगी देताना मले वाटलं, मर्दाले देऊन राह्यलो."

त्यानं त्या फेऱ्या खोडल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढे काय झालं असेल, तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या का आलं नाही? अमेरिकेत शिरल्याची नोंद अमेरिका कॅनडाला कळवते. एका गावात शिरलास म्हणजे दुसऱ्या गावातून निघालास — बाजारात मी स्वतः याच हिशेबानं लोकांची लबाडी पकडतो! कॅनडावाल्यांनी त्याच्या फेऱ्या त्याच्यासमोर मांडल्या. अर्ज फेटाळला. माहिती लपवली, म्हणून पाच वर्षं पुन्हा अर्ज करायचा नाही. नागरिकांनाच मिळणारी एक चांगली नोकरी ठरत आली होती, तीही गेली.

का लिहिलं नाहीस, असं त्यांनी विचारलं, तेव्हा निलेश म्हणाला — चूक माझी. बायकोलाही तेच सांगितलं. माझं नाव त्यानं कुठेच घेतलं नाही. याचासुद्धा मला राग आला, खरं सांगतो. कोण सांगतं याला एवढं मोठं व्हायला?

वैशालीचा फोन आला. रडत होती. "बाबा, तुम्ही तर तेव्हा इथंच होते. अडवलं काहून नाही त्याले?"

मी म्हणालो, "मले काय समजते बाई? तो शिकेल-सवरेल माणूस."

ती आता त्याच्याशी कामापुरतं बोलते. खोटारड्याचा भरवसा कसा धरू, म्हणते.

इथं थांबलो असतो तरी निदान थोडा माणूस उरलो असतो. पण माझे व्याही राजूरहून आले. निलेशचे वडील. जन्म कोळशाच्या खाणीत गेलेला, खोकला अजून जात नाही. आमच्याकडे मुलाचा बाप मुलीच्या बापापुढे वाकत नाही. लग्नात मीच त्यांच्यापुढे हात जोडून उभा होतो. आणि ते माझ्या ओसरीवर चपला काढून उभे राहिले, बसलेच नाहीत. हात जोडले. "इवाईबुवा, पोरानं खोटं केलं. तुमच्या लेकीचं नुकसान झालं. मी मान खाली घालतो."

चार माणसं बसली होती. एक शब्द पुरला असता.

मी म्हणालो, "होते चूक. पण वळण लावा त्याले."

लावतो, म्हणाले ते. चहा न घेता निघाले. एसटीपर्यंत सोडायलाही मी उठलो नाही.

त्या सरकारनं शिक्का नसलेली प्रत्येक फेरी शोधून काढली. आणि जबाब मात्र चुकीच्या माणसाचा घेतला! का लिहिलं नाहीस — हा प्रश्न त्या टेबलावर निलेशच्या शेजारी बसलेल्याला विचारायचा होता. राजूरच्या त्या म्हाताऱ्यानं जोडलेल्या हातांचा जबाब कुणी तरी द्यायला हवा. वैशालीच्या घरात जे बोलणं बंद झालंय, त्याचाही. निलेशनं द्यायचा नाही. त्याच्या बापानं तर नाहीच.

तो मी द्यायचा आहे. माझ्याच ओसरीवर, त्याच चार माणसांसमोर, चपला काढून.