कोंडाजीमामांची कार्डं

माझ्या पीएच.डी.चे खरे गाईड कोंडाजीमामा. हसा खुशाल! गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत ते अटेंडंट आहेत, शिक्षण दहावी.

परदेशी जर्नलं आता पुष्कळशी नेटवर फुकट वाचायला मिळतात, म्हणून कॉलेजनं ती मागवणं बंद केलं. कपाटं रिकामी झाली. मामांनी काय करावं? त्या फुकटातल्या एकेका लेखाचं कार्ड करून जुन्या लाकडी खणात लावायला घेतलं! इंग्रजी येत नाही, म्हणून लेख वाचणाऱ्याला गाठायचं. "यात काय म्हटलंय ते मराठीत सांग, मंग जा." ऐकलेलं कार्डावर लिहायचं, खाली 'सांगणार' म्हणून त्याचं नाव, मागे लिंक.

"मामा, नेटवर सगळं सापडतं. कशाला ही हमाली?" मी चिडवायचे.

मग माझंच घोडं अडलं. शेतावरच्या कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर कोठारात, साठवलेला कांदा आतून काळा का पडतो, हा माझा विषय. शेवटच्या प्रकरणाला आधार मिळेना, आणि प्रबंध द्यायला उरले बारा दिवस. मुदतवाढ दोनदा घेऊन झालेली. नेटवर हजारो लेख, उपयोगाचा एक नाही. डोकंच फिरलं, लायब्ररीतच रडायला लागले.

"रडती कशाला? कांद्याला काय झालंय ते सांग."

मामा विंचूरचे, घरचा कांदा. ऐकलं आणि खण ओढून कार्ड पुढं केलं: 'माल वरून चांगला, आतून काळा. खालून हवा कोंडली की होतं. सांगणार: मयूर, फिजिक्स.' गोदामातल्या हवेवरचा लेख, तोही फिजिक्सवाल्यांचा. मी कशाला तिकडं फिरकतेय! नऊ दिवसांत प्रकरण उभं राहिलं. मामा नसते तर माझी पाच वर्षं पाण्यात गेली असती, हे मी कुणालाही सांगेन.

प्रबंध दिला. तोही नेटवर सगळ्यांना खुला होणार म्हटल्यावर मामांनी कोरं कार्ड काढलं. "सांग."

मी घडाघडा बोलले. "नाय कळलं." पुन्हा सांगितलं. "पण खालून हवा का नाय जात?" तासभर पिळून काढलं हो मला! शेवटी मान हलवली, चार ओळी लिहिल्या, आणि खाली 'सांगणार: डॉ. शुभांगी.'

"अहो मामा, डॉक्टर कुठली? तोंडी परीक्षा व्हायचीय अजून!"

"माझ्याकडं झाली की आत्ता," म्हणाले, आणि कार्ड खणात लावलं.