सुकदेव मिस्त्रीचा होकार

टेम्पोतून मोटरसायकल खाली उतरेपर्यंत छगनभाईंचं बोलणं काही थांबलं नाही. सुरतेत कोसाडच्या सरकारी आवास वसाहतीत तळमजल्यावर सुकदेवची खोली होती. खोलीपुढे पत्रा टाकलेली जागा होती आणि तेच त्याचं गॅरेज. छगनभाई चलथाणकडचे ऊसवाले. गालात मावा, वर भरघोस मिशी. ते हँडलकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते. मग त्यांनी एक कापडी पिशवी सुकदेवच्या हातात ठेवली आणि आणखी काही सांगितलं. सुकदेवनं मान डोलावली.

"हां शेठ, हो जायेगा," तो म्हणाला आणि पिशवी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून मोकळा झाला. लग्नघरचा माणूस आहे, मिठाई दिली असेल, असं त्याला वाटलं.

सुकदेवला ऐकू येत नव्हतं. ही गोष्ट त्याची बायको कलाबाई सोडली तर कोणाला ठाऊक नव्हती.

मिसरूड फुटायच्या वयात तो पारोळ्याकडून सुरतेला आला आणि लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात लागला. तिथं दिवसभर एवढा खडखडाट असे, की शेजारच्या माणसाशीसुद्धा सगळे हातानंच बोलत. धागा तुटला, चहा आला, शेठ आला, प्रत्येकाची खूण ठरलेली. सगळेच हातानं बोलणारे, त्यामुळे आपले कान कधी गेले ते सुकदेवला स्वतःलाही कळलं नाही. कळलं ते कलाबाईला. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या आणि हा शेगडीपाशी बसून शांतपणे विडी ओढत होता. पुढे कारखान्यात नवी यंत्रं आली, जुने कारागीर घरी बसले. गाड्या दुरुस्त करण्याचा नाद सुकदेवला पहिल्यापासून होता. त्यानं पत्र्याखाली पाने मांडले आणि धंदा सुरू केला.

पण इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगतो तो मिस्त्री, अशी लोकांची समजूत. बहिऱ्याकडे गाडी कोण आणणार? म्हणून कलाबाई दारात बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची आणि गिऱ्हाईक काय म्हणतंय ते लूमच्या खुणांनी नवऱ्याला सांगायची. बाकी वेळ सुकदेव ओठ वाचायचा, आणि ओठही कळले नाहीत तर मान डोलवायचा. होकार दिला की माणूस खूश होऊन गप्प बसतो, हे त्याला फार लवकर उमगलं होतं.

त्या दिवशी व्यापाऱ्याचा तगादा आला म्हणून कलाबाई तयार साड्या पोचवायला गेली होती. छगनभाई दुपारी येणार होते, ते सकाळीच येऊन ठेपले.

त्यांच्याबरोबर पुतण्या होता, नितीन, खुद्द नवरदेव. तो समोर उभा राहून बोलला म्हणून सुकदेवला निदान मुद्दा कळला. गाडी काकांच्या तरुणपणची, दोन सिलिंडरची राजदूत. कैक वर्षं गोदामात पडून होती. संध्याकाळी वरात याच गाडीवरून काढायची, असा काकांचा हट्ट. पण गाडी सुरूच होत नव्हती.

सुकदेवनं कारण पाहिल्याबरोबर ओळखलं. दोन सिलिंडर, तसे दोन कार्बोरेटर, आणि दोन्हींत जुन्या पेट्रोलचा मध झालेला. त्यानं खाली दोन फडकी अंथरली, डावीकडच्या कार्बोरेटरचे भाग एकावर, उजवीकडचे दुसऱ्यावर. एकाचा भाग दुसऱ्यात गेला की गाडीचा ताल गेला. परातीत पेट्रोल ओतून तो एकेक भाग धुऊ लागला. तळाच्या वाट्या लवकर निघाल्या. पेट्रोल सोडणाऱ्या बारीक जेटची भोकं मात्र पार बुजली होती. तांब्याच्या तारेचा एकच केस घेऊन तो हळूहळू आत सरकवायचा आणि जेट उजेडासमोर धरून बघायचा. जोर लावला तर भोक मोठं व्हायचं, मग गाडी पेट्रोल प्यायला लागली असती.

छगनभाई पाठीमागे येरझारा घालत होते. ते मागे गेले की सुकदेवची मान ताठायची. समोरच्या भिंतीवर त्यानं दाढीचा आरसा लावून ठेवला होता, तो मागच्या माणसाचं तोंड हलतंय का ते बघायला. आरशात मिशी हलली. सुकदेवनं मान डोलावली. मिशी पुन्हा हलली, या वेळी प्रश्नार्थक भुवयांसह. सुकदेव "हां हां" म्हणाला आणि खाली बघून कामाला लागला. कलाबाईची वाट बघत त्यानं गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. कोणी येत नव्हतं.

दोन्ही कार्बोरेटर चढले. ॲक्सिलरेटरची मूठ फिरवून पाहिली, नीट परतत होती. हवेची पेटी त्यानं मुद्दाम बाजूला ठेवली, कारण अजून स्क्रू फिरवून दोन्ही बाजू सारख्या करायच्या होत्या. चावी केव्हाच हरवली होती, म्हणून पुढच्या दिव्याखालच्या वायरी जोडून दिल्या. नितीनला स्टँडवरच्या गाडीवर बसवून किक मारायला सांगितली. तिसऱ्या किकला गाडी धडधडली. सुकदेवला ती तळपायांतून कळली.

तो मागे जाऊन उकिडवा बसला आणि दोन्ही सायलेन्सरांसमोर एकेक तळहात धरला. उजवीकडचा फुत्कार दमदार होता, डावीकडचा जरा मागे पडत होता. त्यानं उठून डावीकडचा स्क्रू किंचित फिरवला, पुन्हा हात धरले. आता दोन्ही तळहातांवर एकसारखे ठोके पडत होते. नितीनला त्यानं खूण केली, थोडी रेस दे.

हवा जोरात आली. मग आणखी जोरात. मग तळहात भाजायला लागले. पोरगं हौसेनं मूठ पिळतंय असं समजून सुकदेव हसला आणि त्यानं हातानं "बस, बस" केलं. हवा कमी होईना. नितीन ओरडत होता, छगनभाई ओरडत होते, शेजारच्या बायका खिडक्यांत आल्या होत्या, आणि त्या सगळ्या गोंधळात सुकदेव तेवढा शांत बसला होता.

मग त्याला परात दिसली. गाडी स्टँडवर थरथरत इंचाइंचानं पुढे सरकत होती. पुढचं चाक परातीला लागलं, परात कलंडली आणि पेट्रोल फरशीवरून तापल्या सायलेन्सरांच्या दिशेनं पसरत निघालं. त्यानं मान वर केली. नितीनचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि त्याची मूठ मोकळी होती. केबल आत अडकली होती.

वायरी तोडाव्यात तर ठिणगी उडणार आणि खाली पेट्रोल. सुकदेवनं नितीनला दंडाला धरून खाली ओढलं, बाजूनं सीटखाली दोन्ही हात घातले आणि इंजिनाची हवा तोडायला कार्बोरेटरांची उघडी तोंडं तळहातांनी दाबून धरली. इंजिनानं कातडी आत ओढली. त्यानं दात आवळले, पण हात काढले नाहीत. थरथर उतरत गेली आणि थांबली.

त्यानं धावत जाऊन पेट्रोलवर वाळूची बादली उपडी केली. मग भिंतीला टेकून खाली बसला.

छगनभाई समोर येऊन रागानं काहीतरी विचारत होते. सुकदेवची मान सवयीनं हलली, "हां शेठ, हां." छगनभाई बोलता बोलता थांबले. त्यांनी खिळ्यावरच्या पिशवीकडे पाहिलं, मग सुकदेवकडे. बाजूला जाऊन त्यांनी मावा थुंकला, मिशी वर सारली आणि त्याच्यासमोर बसून सावकाश विचारलं, "सुकदेवभाई, तमने संभळातुं नथी?"

ऐकू येत नाही का, हा प्रश्न सुकदेवला ओठांवरून कळला; ते ओठ पहिल्यांदाच दिसले होते. सुकदेवच्या तोंडून पुन्हा होकारच बाहेर पडत होता. त्यानं तो गिळला.

"नहीं शेठ," तो म्हणाला. "बहोत सालों से नहीं."

छगनभाईंनी पिशवी काढून त्याच्या पुढ्यात रिकामी केली. आत नवी केबल होती. जुनी अडकते, आधी ही बदल, असं ते सकाळपासून सांगत होते.

कलाबाई परतली तेव्हा सुकदेव केबल बसवत होता आणि छगनभाई उजेडासाठी बॅटरी धरून उभे होते. तिनं वाळू पाहिली, नवऱ्याचे सुजून लाल झालेले तळहात पाहिले. खुणा करण्याचंही तिला भान राहिलं नाही. "तुम्ही त्याले काबर सांगं नही?" ती म्हणाली. का सांगितलं नाही, हे तिला ठाऊकच होतं. छगनभाईंनी नव्या केबलवर गाडी स्वतः चालवून पाहिली, गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, कामाचे पैसे दिले. मात्र नितीनला गाडीवर बसवायला ते तयार झाले नाहीत. नवरदेव संध्याकाळी मोटारीतून गेला आणि राजदूत काकांनी पुढे चालवली.

दुसऱ्या दिवशी एक माणूस स्कूटर घेऊन आला. सुकदेवनं पाना खाली ठेवला आणि आधीच सांगून टाकलं, मला ऐकू येत नाही, समोर येऊन बोला. माणसानं जरा विचार केला आणि स्कूटर ढकलत निघून गेला. कलाबाई दारातून बघत होती. पुढे चार-सहा जण असेच आले आणि परतले. त्या महिन्यात घरात टिकल्यांचंच काम जास्त झालं. मग पलसाण्याच्या कापडगिरणीच्या रंगखात्यातला एक जण आपली जुनी गाडी घेऊन आला. सुकदेवनं त्यालाही तेच सांगितलं. तो माणूस सुकदेवसमोर उकिडवा बसला आणि गाडीचं काय दुखतंय ते हातवारे करून सांगू लागला. त्याला नीट जमत नव्हतं. सुकदेवनं दोनदा "कळलं नाही" म्हटलं, आणि त्या माणसानं तिसऱ्यांदा सांगितलं.