बिनखांबाची छपरी

आमच्या गावी, करडीला, माय-बाबांसाठी नवं घर बांधलं तेव्हा मी दारापुढच्या छपरीला एकही खांब दिला नाही. स्लॅब भिंतीतून सरळ पुढे काढला, खाली सगळं मोकळं. लोक गाडी थांबवून पाहायचे, हे पडत कसं नाही म्हणून. भंडाऱ्याला माझं ऑफिस आहे. बंगला बांधायचा विचार असलेला कुणी आला की त्याला गाडीत घालून मी करडी दाखवायला न्यायचो. आर्किटेक्टचं स्वतःचं घर म्हणजे त्याची जाहिरातच, आणि फुशारकी मारायला मला कुणी शिकवावं लागत नाही.

आम्ही ढीवर. तलावातल्या मासोळीवर बाबांनी मला शिकवलं. जुन्या घरी छपरीच्या लाकडी खांबाला जाळ्याचं एक टोक बांधायचं, दुसरं पायाच्या अंगठ्यात धरायचं आणि फाटलेलं विणत बसायचं, हा त्यांचा रोजचा उद्योग. माझं सगळं लहानपण त्या ताणलेल्या जाळ्याखालून वाकून आत-बाहेर करण्यात गेलं. तरी नकाशा काढताना तो खांब माझ्या डोक्यात आला नाही. आता बोला! परक्या गिऱ्हाइकाला मी समोर बसवून विचारतो, दिवसभर घरात कुठे बसता, काय करता. बाबांना विचारलं नाही. त्यांचं काय विचारायचं, सगळं माहीतच आहे. घर मी फोटोसाठी बांधलं होतं, दुसरं काय.

बाबा जाळं उचलून फाटकाबाहेर गेले, विजेच्या खांबाला बांधलं आणि रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसले. मायनं एकदा ऐकवलं, एवढं मोठं घर बांधलं आणि बुढ्याला रस्त्यावर बसवलं. मी म्हटलं, भिंतीत कडी ठोकून देतो. देतो, देतो म्हणत राहिलो. खरं सांगायचं तर त्या पांढऱ्या भिंतीवर ओलं जाळं मलाच नको होतं.

गेल्या हिवाळ्यात तुमसरचे एक राइस मिलवाले घर पाहायला आले. स्वतःच्या गाडीतून उतरल्या-उतरल्या त्यांनी बाबांना विचारलं, इथले चौकीदार का? बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी फाटकाची कडी काढत राहिलो.

"हो जी," बाबा म्हणाले.

मग आत मी त्या माणसाला उजेड, वारा, मोकळी जागा यावर लांबलचक प्रवचन दिलं. निघताना ते म्हणाले, माझं घर असंच करा. वर हेही म्हणाले, की तुमचा चौकीदार बरा दिसतो, रिकामा बसत नाही. मी त्यांच्या गाडीचं दार उघडून धरलं.

ते गेल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, "भेटलं का काम तुले?" भेटलं म्हटल्यावर खूश झाले, अगदी मनापासून. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मायनं वाढलेलं ताट तसंच सरकवलं आणि पोट बिघडलं म्हणून सांगितलं. पोट कशाचं बिघडतंय! बापाला बाप म्हणायची लाज वाटली होती मला, आणि आता त्या लाजेची लाज वाटत होती.

पुढे काही दिवसांनी एक डॉक्टर नवराबायको घर पाहायला आले. या वेळी गाडीतच मी मनाशी पक्कं केलं होतं. फाटकाशी उतरलो आणि ते काही विचारायच्या आत सांगून टाकलं, "हे माझे वडील."

डॉक्टरीणबाईंनी हात जोडले. बाबा पार गडबडले. त्यांनी आपल्या ओल्या धोतराकडे पाहिलं, माझ्या बुटांकडे पाहिलं, आणि झटकन उठून फाटक उघडलं.

"साहेब मजाक करून राहिले जी," ते म्हणाले. "मी चौकीदार आहो."

पाहुणे हसले. बाबा जाळं गोळा करून बाजूला झाले, आम्हाला आत जायला वाट द्यायला.